संत्र्याची साल, चिंचोके आणि बोअरचा चिखल : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोळशाच्या शोधबोअरबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की ड्रिलिंगच्या मडमध्ये गवारीच्या बियांचं पीठ घालतात. भाजीतली गवार जमिनीखाली दोनशे मीटरवर काय करते, असं विचारणारी पत्रं तेव्हापासून येताहेत. त्यातले पाच प्रश्न निवडले आहेत.

मागचा अंक ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मड म्हणजे रॉडच्या (ड्रिलिंगच्या पोकळ नळ्यांच्या) पोटातून खाली सोडायचा आणि रॉडच्या बाहेरून वर येणारा पातळ चिखल. तो बिट (खडक कापणारं टोक) थंड ठेवतो, कापलेला चुरा वर आणतो आणि भोकाच्या भिंतीला आतून रेटा देतो. भिंतीवर पातळ साय धरतो, म्हणजे त्याचं पाणी खडकात जिरत नाही. नेहमीचा मड पाणी आणि बेंटोनाइट यांचा. बेंटोनाइट ही आपल्या कपाशीच्या काळ्या जमिनीची चुलत बहीण, कच्छ-बाडमेरकडून येते. काळी माती पावसात कशी फुगते ते विदर्भात सांगायला नको. ही तिच्यापेक्षा कितीतरी पट फुगते. गवारीचं पीठ पाण्यात फुलून तिच्याऐवजी मड दाट करतं.

*

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही चौघींनी नागपुरी संत्र्याची साल वाळवून, दळून बेंटोनाइटच्या मडमध्ये घातली. फिल्टर प्रेसमधून गळणारं पाणी बरंच कमी झालं. सर म्हणतात, पेटंट घ्या. तुमचं मत काय?
(अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : आधी अभिनंदन. पुढचं जरा टोचेल.

पेटंटची घाई नको. मंडारिन संत्र्याच्या सालीची पूड मडमध्ये घालण्याचं काम अमेरिकेत मिसुरीच्या संशोधकांनी करून छापलेलं आहे. बटाट्याच्या सालींवरही त्यांनी प्रयोग केले. तुम्हाला दिसलं तेच त्यांनाही दिसलं होतं: गळती कमी होते, मड थोडा दाटतो, पीएच खाली येतो. तेव्हा ‘साल चालते’ हा काही शोध राहिला नाही. ती किती चालते, किती दिवस चालते आणि कशामुळे चालते, हे मात्र आपल्या संत्र्यापुरतं कोणी नीट सांगितलं तर मला वाचायला आवडेल.

‘कशामुळे’पासून सुरू करा. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि मी नेमकी तीच शोधत होतो. सालीऐवजी सागाचा भुसा तेवढाच बारीक दळून, तेवढ्याच वजनाचा घालून पाहिलात का? फिल्टर प्रेसमध्ये शेवटी एक कागद असतो आणि मडवर १०० पीएसआयचा दाब अर्धा तास असतो. कुठलीही बारीक पूड त्या कागदाच्या आणि सायीच्या भोकांत जाऊन बसली की पाणी कमीच गळणार. मग त्यात संत्र्याचं काय? सालीतलं पेक्टिन, म्हणजे तिच्यातला चिकट पदार्थ, पाण्यात सुटून काम करतंय, की सालीचा न विरघळलेला चोथा नुसता बुचासारखा बसतोय, हे भुशाशी तुलना केल्याशिवाय कळणार नाही. मी परीक्षक असतो तर पहिला प्रश्न हाच विचारला असता. सर नाराज होतील, होऊ द्या.

मूळ मड एकच ठेवा: ३५० मिलिलिटर पाण्यात २२.५ ग्रॅम बेंटोनाइट. घुसळून १६ तास मुरवत ठेवा, मगच पूड घाला. बेंटोनाइट मुरायच्या आधी काहीही घातलं तर तो नीट फुगत नाही आणि दोष पुडीवर येतो. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर पाण्यात आधी चिमूटभर सोडा अॅश (धुण्याचा सोडा) टाका. आपल्याकडच्या पाण्यातलं कॅल्शियम बेंटोनाइटला मरगळ आणतं. पूड २०० मेशच्या चाळणीतून काढा आणि प्रत्येक वेळी त्याच चाळणीतून काढा. पीएच प्रत्येक नमुन्याचा लिहा. सालीच्या आम्लाने तो उतरतो आणि बेंटोनाइट साडेआठ-नऊच्या आसपास सुखी असतो. म्हणून सोड्याने तो परत वर आणून पुन्हा गळती मोजा. फार वरही नेऊ नका, कडक अल्कलीत पेक्टिन तुटतं.

आता ‘किती दिवस’. याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही. सगळ्या चाचण्या त्याच दिवशी, पंख्याखाली उरकल्यात ना? वनस्पतीपासून केलेली वस्तू कुजते, याच गुणासाठी आपण तिला हिरवी म्हणतो. पण ती बिट खाली असताना कुजली तर? एक बरणी प्रयोगशाळेत ठेवा आणि एक मे महिन्यात गच्चीवर. रोज सकाळी मार्श फनेलमधून सेकंद मोजा आणि पीएच बघा. मार्श फनेल म्हणजे हॅलन मार्श यांनी १९३१ मध्ये मांडलेलं साधं नरसाळं. दीड लिटर मड ओतायचा आणि खालच्या मगात ९४६ मिलिलिटर जमायला किती सेकंद लागले ते पाहायचं. स्वच्छ पाण्याला २६ सेकंद लागतात. तुमचा मड आज ४० दाखवत असेल आणि पाचव्या दिवशी २९, तर तो आकडा गळतीच्या आकड्याच्या शेजारी छापा. सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं, ते जंतूंना आवडत नाही. कदाचित तुमची साल मडमध्ये नेहमी घालतात त्या स्टार्चपेक्षा उशिरा कुजेल. तसं निघालं तर ते खरोखर सांगण्यासारखं.

एका बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. तेलाच्या विहिरी तीन-चार किलोमीटर खोल जातात, तिथे शंभर अंशांच्या वर तापमान असतं आणि साधा स्टार्च १२० अंशांच्या आसपास हात टेकतो. परदेशी शोधनिबंधांतलं निम्मं रडगाणं या उष्णतेचं असतं. आपला कोळशाचा बोअर तीनशे मीटरचा, तळाशी फार तर चाळीस अंश. नागपूरच्या गच्चीपेक्षा तळ थंड! म्हणून तुमचा मड उष्णतेच्या भट्टीत १६ तास फिरवला नाही म्हणून कोणी नाक मुरडलं तर विचारा, बोअर कुठला?

आणि साल आणणार कुठून, याचंही एक पान प्रकल्पात असू द्या. नागपुरी संत्रं आपण हाताने सोलून खातो. साल कारखान्याच्या दारात ढिगाने पडत नाही, ती घराघरांत आणि रसवाल्यांच्या गाड्यांवर विखुरलेली असते. आंबिया बहार हिवाळ्यात, मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी, मधले महिने रिकामे. ओली साल बहुतेक पाणीच असते. शंभर किलो वाळवली की वीस-पंचवीस किलो हाती लागते. साल वाळवायला जाळलेलं लाकूड धरलं तर तुमचा हिरवा मड किती हिरवा उरतो, ते मांडून बघा.

मला विचाराल तर संत्र्याच्या मोहात पडून तुमचं सरकीकडे दुर्लक्ष झालं. सरकीची टरफलं मडचं नुकसान थांबवायला जगभर वापरतात, म्हणजे खडकाच्या भेगेतून मड पळून जातो तेव्हा भेग बुजवायला. ती आपल्याकडे तेलगिरण्यांत मिळतात. आमच्या रिगवर (बोअर घेण्याच्या यंत्रावर) रिटर्न बंद झालं, म्हणजे खाली सोडलेलं पाणी वर येईना झालं, की पोरं हाताला लागेल ते टाकायची: भुसा, गव्हाचा कोंडा, तुरीची चुरी, शेण. शेण तर हमखास. एकदा एका गावात शेणाचे पैसे मागितले, कारण पोरांनी न विचारता उकिरडाच रिकामा केला होता. यातलं कशाने काम झालं आणि कशाने नुसता बिटचा पाण्याचा मार्ग तुंबला, याची कोणी नोंद ठेवली नाही. मीही नाही. तुम्ही ठेवा. फक्त धानाच्या तुसापासून जपा. त्यात सिलिका भरपूर, पंपाचे लायनर (आतलं अस्तर) खाते आणि लवकर कुजतही नाही. झाडापासून आलं म्हणून लगेच मातीत मिसळून जाईल असं नसतं.

*

प्रश्न : आमच्या शेतात बोअर मारताना बोअरवाल्याने भोकात कसलीशी पावडर आणि पाणी सोडलं, फेसच फेस झाला. तुम्ही लिहिता तो मड हाच का? पाणी पिण्याजोगं राहील का जी?
(शेतकरी, काटोल)

उत्तर : नाही दादा, तो मड नाही. काटोलकडे खाली काळा बेसाल्ट. तिथे बोअरवाले हवेच्या दाबावर हातोडा चालवतात. चुरा हवेनेच वर उडतो आणि भिंत आपली आपण उभी राहते, मडची गरजच पडत नाही. ओल लागून चुरा चिकटायला लागला की तो उचलायला फेस करतात. फेसासाठी वेगळं रसायन मिळतं, पण काही जण कपडे धुण्याची पावडरच टाकतात. बोअर झाल्यावर कॉम्प्रेसरने पाणी अगदी स्वच्छ, बिनफेसाचं येईपर्यंत उडवून घ्यायला हवं. बोअरवाले घाईत असतात, तुम्ही उभे राहा. पिण्यासाठी वापरणार असाल तर त्यानंतर पाणी तपासून घ्या. मडच्या बोअरचा अनुभव घ्यायचा तर पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात, दर्यापूर-अकोल्याकडे जा. तिथे मडशिवाय भोक टिकत नाही.

*

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे दर वर्षी चिंचोके पोत्यांनी पडून राहतात. गवारीसारखं त्यांचं पीठ ड्रिलिंगवाल्यांना विकता येईल का? एक जण म्हणतो, यंत्र घ्या, दोन वर्षांत पैसे फिटतात.
(बचत गटाच्या अध्यक्ष, कुही)

उत्तर : ताई, तुमच्या पत्राने मला लहानपणीच्या घरात नेलं. माझे वडील कापड गिरणीत सुताला खळ देण्याच्या खात्यात होते. एम्प्रेस मिलचा भोंगा तेव्हा अर्ध्या शहराला जागा करायचा. वडिलांच्या अंगाला येणारा खळीचा आंबूस वास मला अजून आठवतो. कापडधंद्यात खळीसाठी चिंचोक्याचं पीठही चालतं, फार जुनी रीत आहे. पुढे रिगवर मी पहिल्यांदा मडचं पिंप उघडलं तेव्हा तोच वास आला आणि मी एकटाच हसलो. सुताला साय धरायची ती खळीने, खडकाला साय धरायची ती मडने. काम एका जातीचं.

चिंचोके मडमध्ये चालतात, यात शंका नाही. धनबादच्या इंडियन स्कूल ऑफ माइन्समध्ये, जी आता आयआयटी झाली आहे, तिथल्या संशोधकांनी २००४ मध्ये चिंचोक्याचा डिंक आणि बेंटोनाइट मिळून केलेल्या मडवर काम छापलं. मड दाट होतो, गळती कमी होते. पण चालणं वेगळं आणि खपणं वेगळं.

पहिली अडचण पाण्याची. गवारीचं पीठ थंड पाण्यात टाकून घुसळलं की फुलतं. चिंचोक्याचं पीठ थंड पाण्यात अर्धवटच फुलतं. पूर्ण दाटपणा यायला ते वीस-तीस मिनिटं उकळावं लागतं. माळावरच्या रिगवर हजार लिटरची टाकी कोण उकळणार? कारखान्यात रासायनिक प्रक्रिया करून थंड पाण्यात फुलणारं पीठ बनवतात, पण ते बचत गटाच्या आवाक्यातलं काम नाही.

दुसरी अडचण टरफलाची. चिंचोक्याचं तांबडं टरफल वजनाने तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं. ते चिंचोका भाजल्यावरच सुटतं आणि नीट काढलं नाही तर पीठ काळपट येतं. जास्त भाजलं तर डिंकाचा दम जातो. आतल्या गरात थोडं तेल असतं, त्यामुळे पीठ जुनं झालं की खवट होतं. ड्रिलिंगवाला प्रत्येक पोत्यात तोच दाटपणा मागतो. एक पोतं ४० सेकंद आणि दुसरं ३३, असं झालं की तो परत फिरकत नाही. आणि त्याची मागणीही सलग नसते. सहा महिने कंत्राट, सहा महिने रिग धूळ खात.

दोन वर्षांत पैसे फिटतात म्हणणाऱ्याला २०१२ ची गवार आठवते का विचारा. अमेरिकेत खडक फोडून वायू काढण्यासाठी गवारीच्या पिठाला एकदम मागणी आली. जगातली बहुतेक गवार आपल्याकडे पिकते, त्यातली सर्वात जास्त राजस्थानात. भाव इतके चढले की मार्च २०१२ मध्ये वायदे बाजारातले गवारीचे व्यवहार थांबवावे लागले. मग भाव उतरले. जोधपूरकडे वर जाताना कमावलेलेही होते आणि उतरताना बुडालेलेही.

तुमच्या जागी मी असतो तर पीठ करायच्या भानगडीत पडलो नसतो. चिंचोके स्वच्छ निवडून, भाजून, टरफल काढून नुसती डाळ विकली असती. तिला पीठ करणारे कारखाने घेतात, मग ते पीठ कापडाला जावो, कागदाला जावो की मडला. भाजणीचं तंत्र तुमच्या हातात आहेच. नमुन्याची दोन किलो डाळ आधी पाठवा, भाव लेखी घ्या, यंत्राचा विचार नंतर.

*

प्रश्न : भेंडी, इसबगोल, मेथी, जवस, धावड्याचा डिंक... यातलं कशाने मड होतो?
(पाच वेगवेगळ्या पत्रांतून)

उत्तर : बुळबुळीत असेल त्याने थोडाफार होतोच. भेंडीच्या पाण्याने मीही एकदा करून पाहिला आहे. मार्श फनेलमध्ये बरा निघाला, नंतर दोन दिवस टाकीजवळ कोणी जेवायला बसेना. स्वयंपाकघरातला भाव आणि टाकीचं माप यांचा गुणाकार करा, उत्तर मिळेल. इसबगोलाचा तर विषयच सोडा.

*

प्रश्न : “लेखात गवारीचं लई कौतुक केलंस. आपण तीस वर्षं बेंटोनाइटच वापरलं ना बे? बेंटोनाइट म्हंजे मातीच. मातीपरीस नैसर्गिक काय असते? अन् उमरेडच्या त्या बोअरचं काय झालं, थे काऊन नाही लिहिलं?”
(जुना सहकारी, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : ते लिहिलं नाही, कारण लाज वाटते. पण तू चव्हाट्यावर आणलंसच, तर ऐका मंडळी.

१९९८ चा मे. उमरेडजवळ कोळशाचा बोअर, कामठीच्या वालुकाश्मात १४० मीटरवर पोचलेलो. कामठीचा वालुकाश्म म्हणजे लोखंडाच्या गंजाने कशीबशी धरून ठेवलेली रेती, मडने पाठ फिरवली की ढासळते. शनिवारी संध्याकाळी मी हजार-हजार लिटरच्या दोन टाक्यांत सहा-सहा किलो गवारीचं पीठ सोडलं. पिठलं करताना बेसन भुरभुरवतात तसं एका हाताने हळूहळू, दुसऱ्या हाताने ढवळत, नाहीतर आत कोरड्या राहिलेल्या गुठळ्या होतात. त्यांना आम्ही माशाचे डोळे म्हणतो. मड झकास झाला, ४८ सेकंद. रात्री पंपाची पॅकिंग गेली. रविवारी नागपुरात दुकान बंद. रॉड तसेच खाली ठेवले, कारण सोमवारी सकाळी सुरू करायचंच होतं.

सोमवारी सकाळी टाकीवरचं ताडपत्र काढलं तर बुडबुडे. ड्रिलर वास घेऊन म्हणाला, “साहेब, हे त नासल्या कढीवानी झालं.” फनेल २९ सेकंद. मी काय करावं? टाकी ओतून द्यायची, ब्लीचिंग पावडरने घासायची आणि नवा मड करायचा. त्याऐवजी पाणी वाचवायच्या नादात मी त्याच टाक्यांत आणखी दोन-दोन किलो पीठ घातलं. जंतूंनी गवार पचवायला सोडलेली एन्झाइम्स पाण्यात तयारच होती. दुपारपर्यंत नवं पीठही गेलं. टाकीत झालं तेच भोकातही झालं होतं. दाटपणा गेला, रेती बसली, रॉड अडकले. चार दिवस ओढाओढ केली. शेवटी कोअर बॅरल (खडकाचा नमुना धरणारी नळी), बिट आणि खालचे रॉड तिथेच सोडून शेजारी नवं भोक घ्यावं लागलं. वरच्यांनी अहवालात ‘खडकाची प्रतिकूल अवस्था’ लिहिलं. खडक बिचारा तसाच होता, प्रतिकूल मी होतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक टाकीवर खडूने तारीख आणि वेळ लिहिली, आणि गवार पूर्ण फुलल्यावरच कॉस्टिक सोडा घालून पीएच चढवला. आधी चढवला तर गवार फुलतच नाही, तू पाहिलंयस.

आता तुझा प्रश्न. बेंटोनाइट माती आहे, विषारी नाही, हे मान्य. पण वायरलाइनवर, म्हणजे नमुना धरणारी आतली नळी तारेने रॉडमधूनच वर ओढायच्या पद्धतीत, ती नळी (इनर ट्यूब) किती वेळा अडकली आठव. रॉड जोरात फिरले की बेंटोनाइट आतल्या भिंतीवर साचून कडक कडं बनतं, ओव्हरशॉट (ती नळी पकडणारा आकडा) खाली जात नाही आणि मग सगळे रॉड बाहेर. रात्री दोन वाजता. गवार, सीएमसी (सेल्युलोजपासून केलेली दाट करणारी पूड) यांत घन पदार्थ जवळजवळ नसतातच. हजार लिटरला बेंटोनाइट पन्नास किलोच्या वर लागायचं, गवार पाच-सहा किलो. आपण बदललो ते पर्यावरणाच्या प्रेमाने नव्हे, झोपेच्या प्रेमाने.

मातीची दुसरी खोड तू विसरलास. ती कुजत नाही, भेगेत बसली की बसली. कोळशाच्या बोअरला त्याचं काही वाटत नाही. पाण्याची पातळी मोजायच्या बोअरला वाटतं. कामठीकडच्या एका गावात आपण बेंटोनाइटवर घेतलेलं निरीक्षणाचं भोक आठवडाभर हवा मारूनही गढूळच राहिलं होतं. शेजारचं गवारीवर घेतलं. खाली पोचल्यावर गवार मोडायला ब्लीचिंग पावडर सोडली, दुसऱ्या दिवशी मड ताकासारखा पातळ. उपसला आणि पाणी आलं. पण उपसायचं विसरायचं नाही. गवारीचा न विरघळणारा चोथा थोडा राहतोच आणि तो भोकात जंतूंची खानावळ चालवतो. म्हणजे उमरेडला गवारीच्या ज्या मोडण्याने माझं नाक कापलं, त्याच मोडण्याने इथे दोन दिवसांत काम झालं. इथे मोडायची वेळ मी ठरवली होती, तिथे मे महिन्याने.

आणि ‘नैसर्गिक’ शब्दावर तूही फार विसंबू नकोस आणि मीही नाही विसंबत. मड पातळ करायची ती तपकिरी भुकटी आठवते? लिग्नोसल्फोनेट. कागद कारखान्यात लाकडाचा लगदा करताना निघणारा माल, म्हणजे शुद्ध झाडाचा. पण तो उष्णतेत टिकावा म्हणून त्यात क्रोमियम घालायचे. गवार नासू नये म्हणून आपण मडमध्ये फॉर्मलिन ओतत होतो, हातमोजे न घालता, आणि पोत्यावर गवारीच्या शेंगेचं चित्र होतं. जंतू मारायचं औषध घातलं की मडचा हिरवेपणा त्या बाटलीपुरता संपला. म्हणूनच तेल-वायूच्या विहिरींसाठी केंद्राने २००५ मध्ये जे नियम केले त्यात मड कशापासून बनला एवढंच पाहत नाहीत. त्याच्या विषारीपणाची ९६ तासांची चाचणी मागतात, आणि ज्या प्रमाणात निम्मे जीव मरतात तो आकडा लिटरला ३०,००० मिलिग्रॅमच्या वर असावा लागतो. पदार्थ सहज कुजणारा म्हणायचा तर प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचणीत २८ दिवसांत ६० टक्के तरी मोडावा लागतो. शेंगेच्या चित्राने भागत नाही.

एक कबुली मात्र तुझ्या बाजूने. कामठीच्या वालुकाश्माखाली मोतूरच्या थराची ती रंगीबेरंगी माती लागली की गवार एकटी काही करू शकत नाही. माती फुगून रॉडला मिठी मारते. तिथे पोटॅश लागतोच, आणि आपला लागायचा तेवढा पोटॅश शेजारच्या शेतात गेला तर तूर करपते. गेली होतीही एकदा. भरपाईची बोलणी तूच केली होतीस, शेतकऱ्याच्या घरी रोडगे खाऊन.

येत्या रविवारी ये. येताना तुझं मार्श फनेल घेऊन ये, माझ्या फनेलची जाळी फाटली आहे आणि वर पत्र लिहिणाऱ्या चौघींना गच्चीवरच्या बरणीसाठी एक हवं आहे.